गाळा घेतला म्हणून पाटीपण आपली होते का?

आमच्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं आणि त्याच टेबलावर वेबसाईट असं सगळं चालतं, बेळगावात असली दुकानं गल्लोगल्ली आहेत त्यामुळे त्यात विशेष काही नाही. विशेष झालं ते दोन वर्षांपूर्वी. रात्री जेवण झालं की मोबाईलवर एक्स्पायर झालेल्या डोमेनच्या, म्हणजे मुदत संपलेल्या वेबसाईटच्या नावांच्या, याद्या चाळायची सवय लागली होती मला, काही लोक जुनी नाणी शोधतात तसं. एका रात्री त्या यादीत एक नाव दिसलं, खानापूरकडच्या भागाचं, मराठी शब्द, स्पेलिंग सोपं, शेवटी डॉट कॉम. घेऊन टाकलं. हजाराच्या आसपास गेले असतील. डोक्यात होतं की सीमाभागातल्या जत्रा, कार्यक्रम, बातम्या असं काहीतरी पोर्टल काढू, नाहीतर कुणाला तरी विकू. खरं सांगायचं तर विकायचा विचार पोर्टलच्या आधी आला होता.

तीन आठवड्यांनी फोन आला. रिटायर्ड गुरुजी, आवाज थकलेला. "सर, आमचं नाव तुमीच घेतलासा म्हणं. आमच्या साहित्य संघाचं आहे की ओ ते. परत द्या."

माझी पहिली रिअॅक्शन रागाची होती. मी काय चोरलंय का? बाजारात विकायला होतं, पैसे टाकले, घेतलं. तुम्ही झोपला होता त्याला मी काय करू? हे मी त्यांना बोललो नाही, वयाकडे बघून "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला, पण मनात हेच होतं. आणि अजूनही हा प्रश्न निघाला की दहापैकी सात जण हेच म्हणतात, ज्याच्या हाती ससा तो पारधी. उद्यमबागेत माझा एक मित्र आहे, फाउंड्रीचं काम करतो, तो तर सरळ म्हणाला, "अरे तू धर्मशाळा काढलीयास का? पन्नास हजार सांग, देत नसतील तर गप बस."

आता तो म्हणतो त्यात तथ्य नाही असं नाही. डोमेन नेम ही विकत घेतलेली वस्तूच नाही, ते भाडं आहे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरता येतं, मुदत संपली की परत भरायचं. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली म्हणजे दुसऱ्या दिवशी ते कुणी पळवलं असंही होत नाही. आधी ज्या कंपनीकडून नाव घेतलं ती काही दिवस थांबते, हे दिवस शून्यापासून पंचेचाळीसपर्यंत कितीही असू शकतात, ज्याची त्याची मर्जी. त्यानंतर नाव खोडायला टाकलं की तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत असते, तिथं दंड बऱ्यापैकी लागतो पण नाव परत मिळतं. मग शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग ते सगळ्या जगासाठी मोकळं. शिवाय नियमच आहे की कंपनीनं मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत एक अशी आठवण पाठवायची. म्हणजे एवढं सगळं होऊनही जो जागा होत नाही त्याच्याबद्दल कणव का वाटावी?

मलाही तसंच वाटायचं. पण मी या धंद्यात आहे म्हणून मला ही आठवणीची मेल कुठं जाते तेही माहीत आहे. ती जाते वेबसाईट बनवणाऱ्या पोराच्या मेलवर. २०१०-१२ च्या सुमारास आमच्या भागातल्या कितीतरी मंडळांनी, शाळांनी, पतसंस्थांनी वेबसाईट काढल्या त्या अशाच, कुणाचा तरी पुतण्या कम्प्युटर शिकलेला, त्यानं आपल्याच नावावर, आपल्याच मेलवर, आपल्याच कार्डवरनं घेतलं, उद्घाटनाला नारळ फोडला, फोटो छापून आला, आणि दोन-तीन वर्षांत ते पोरगं पुण्याला नाहीतर बेंगळूरला गेलं. काही ठिकाणी त्याहून भारी, रजिस्टर केलेला मेल आयडी त्याच डोमेनवरचा असतो. म्हणजे डोमेन बंद पडलं की मेल बंद, आणि मुदत संपल्यावरची शेवटची आठवण नेमकी त्याच बंद पडलेल्या मेलवर येणार. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरनं आपोआप पैसे कापायचे रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले. नियम ग्राहकाच्या भल्याचे आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण परदेशी कंपन्यांकडं कार्ड सेव्ह करून 'ऑटो रिन्यू चालू आहे' म्हणून निवांत बसलेल्या कितीतरी लोकांचं पेमेंट त्यावेळी गुपचूप फेल झालं. माझ्याच दोन गिऱ्हाइकांचं झालं, मी वेळेवर बघितलं म्हणून वाचली.

म्हणून "झोपला होता" हे वाक्य मी आता जरा जपून वापरतो. निष्काळजीपणा आहेच, पण तो पंधरा वर्षं कथा-कविता गोळा करून टाईप करणाऱ्या गुरुजींचा नाही, त्यांच्यापर्यंत ती सूचना कधी पोचलीच नव्हती.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीतलं उदाहरण देतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. समजा बाजारात एका गाळ्यात तीस वर्षं एक कापडवाला होता. भाडेकरार संपला, त्यानं रिन्यू केला नाही, विसरला म्हणा, आजारी होता म्हणा. मालकानं गाळा तुम्हाला दिला. गाळा तुमचा, यात काही वाद नाही, तुम्ही तिथं मोबाईल विका, चहा विका. पण तुम्ही त्या कापडवाल्याची पाटी तशीच ठेवली आणि आत बसून त्याच्याच नावावर धंदा करायला लागला तर? गावाकडनं बस्ता बांधायला आलेली माणसं त्याच पाटीकडं बघून आत येणार, जुनी उधारी द्यायला येणारा माणूस तुमच्या हातात पैसे ठेवणार, आणि तुम्ही ते घेणार. आता कुणीतरी मला सांगावं की हे बरोबर आहे.

पाटीवरनं आमच्याकडं काय होतं ते वेगळं सांगायला नको. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक २०१४ मध्ये कर्नाटक प्रशासनानं काढला तेव्हा काय काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, आणि आता दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं म्हणून माझ्याच दुकानात किती फ्लेक्स परत छापले गेले त्याचा हिशोब माझ्याकडं आहे (धंदा झाला, नाकारत नाही). पाटी म्हणजे नुसता पत्रा नसतो हे बेळगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

डोमेनची गोची अशी की तिथं गाळा आणि पाटी ही एकच वस्तू आहे. गाळा घेतला की पाटी आपोआप हातात येते, काढून बाजूला ठेवताच येत नाही. करार संपला म्हणून गाळा माझा झाला हे खरं, पण त्या नावावर विश्वास ठेवून येणारी माणसं काही माझ्या हजार रुपयात आली नव्हती.

हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, मेलमध्ये सापडलं. नाव घेतल्यावर मी सहज अशी सेटिंग करून ठेवली होती की त्या डोमेनवर कुठल्याही पत्त्यावर आलेली मेल एका खात्यात जमा व्हावी. का केली विचाराल तर उत्तर नाही, सवय. गुरुजींचा फोन आल्यावर मी पहिल्यांदा ते खातं उघडलं. तिथं कविता होत्या. आमच्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्याच धर्तीवर हा संघ आपलं छोटं संमेलन भरवायचा, आणि त्याच्या कविसंमेलनासाठी लोकांनी जुन्या पत्त्यावर कविता पाठवल्या होत्या. कुणी वहीच्या पानाचा फोटो काढून, कुणी मुलाकडनं टाईप करून घेऊन, खाली "कळावे, लोभ असावा". एका बाईंनी लिहिलं होतं की मागच्या वर्षी पाठवलेल्या कवितेचं काही कळलं नाही, यंदा तरी कळवावं. एक मेल कुणाच्या तरी मुलीच्या स्थळाची होती, ती चुकून आली असावी, पण त्यात पत्रिका, पगार, फोन नंबर सगळं होतं. आणि एक मेल संघाच्या सोशल मीडियाच्या पानाची होती, पासवर्ड बदलायचा असेल तर इथं क्लिक करा म्हणून.

त्या लिंकवर मी क्लिक केलं असतं तर संघाचं हजारो फॉलोअर असलेलं पान माझं झालं असतं. कायद्यानं डोमेन माझं, त्यावर आलेली मेल माझ्या खात्यात, आणि क्लिक माझं. कुठंही कुलूप तोडावं लागलं नसतं. मी ती मेल बंद केली आणि सेटिंग काढून टाकली, म्हणजे आता त्या पत्त्यावर पाठवलं तर मेल परत जाते आणि पाठवणाऱ्याला निदान कळतं की पोचली नाही. माझ्या मते एक्स्पायर झालेलं नाव घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच करावं, परत द्यायचं की नाही तो पुढचा प्रश्न. दुसऱ्याच्या नावानं आलेलं पत्र पोस्टमननं चुकून आपल्या घरी टाकलं तर आपण फोडून वाचतो का? मी आधी वाचली तेवढी वाचली, त्याची लाज आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रश्न आधीचा मालक आणि नवीन मालक या दोघांचाच समजला तर उत्तर नेहमी चुकतं. त्या दोघांत भांडण लावलं तर नवीन मालक जिंकणारच, त्याच्याकडं पावती आहे. पण तिसरा माणूस, जो त्या नावावर विसंबून आत येतो, त्याच्याकडून बघितलं तर जिथं नाव हे एखाद्या संस्थेची ओळख आहे आणि लोक अजून त्या ओळखीनं येतात, तिथं परत द्यावं. आणि झालेला खर्च घेऊन द्यावं. खर्च म्हणजे खर्च. पन्नास हजार नाही.

खर्चाची ही रेघ मी माझ्या मनानं ओढलेली नाही बरं का. डोमेनच्या भांडणासाठी जी जागतिक पद्धत १९९९ मध्ये ठरली, त्यात वाईट हेतूची जी उदाहरणं दिलीत त्यातलं पहिलंच हे आहे की खऱ्या ट्रेडमार्कवाल्यालाच विकायच्या उद्देशानं नाव घेणं, आणि तेही स्वतःच्या खिशातनं गेलेल्या, दाखवता येईल अशा खर्चाच्या वर पैसे लावून. म्हणजे खर्च मागणं हा गुन्हा नाही, अडवून मागणं हा आहे. आपल्या डॉट इनसाठीही साधारण तशीच पद्धत आहे. आणि सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सांगून टाकलं की डोमेन नेम हे नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं तिथंही चालणार नाही. त्याच २००४ मध्ये महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा त्याच कोर्टात टाकलाय. डोमेनवाल्याला निकाल मिळाला, आमचा दावा अजून पडून आहे, असो.

पण हा कायदा गुरुजींच्या कामाचा आहे का? कागदावर आहे. प्रत्यक्षात जागतिक पद्धतीत जिनिव्हाच्या वायपोकडं, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडं, एका नावासाठी केस टाकायची तर एका पंचासाठी दीड हजार डॉलर फी आहे, ट्रेडमार्क किंवा तसा हक्क आहे हे दाखवावं लागतं, समोरच्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावं लागतं, आणि हे सगळं इंग्रजीत. ज्या संघाच्या वार्षिक संमेलनाचा मांडव गावातल्या वर्गणीवर उभा राहतो तो दीड हजार डॉलर कुठनं आणणार? आणि माझा हेतू त्यांना अडवायचा होता हे ते सिद्ध करू शकले नसते, कारण नाव घेताना मला संघ आहे हेच नीट आठवत नव्हतं. म्हणजे मी कायद्यानं साफ सुटलो असतो. म्हणूनच ही गोष्ट कोर्टावर सोडून चालत नाही, घेणाऱ्यानं स्वतः ठरवायची आहे.

उद्यमबागेतला मित्र यावर म्हणाला की मग सोनेतारणाच्या लिलावाचं काय? दागिना गहाण पडला, नोटीस दिली, पेपरात जाहिरात दिली, सोडवला नाही, लिलाव झाला, मी घेतला. आता ती बाई आली की माझं मंगळसूत्र परत दे, तर देऊ का? चांगला प्रश्न आहे, मी दोन दिवस विचार करत होतो. एक तर आपल्याकडं अशी माणसं आहेत जी घेतलेल्या किमतीत देतात, मी बघितलीयत, आणि त्यांना कुणी येडा म्हणत नाही. दुसरं म्हणजे मंगळसूत्र वितळवलं की त्याचं सोनं होतं, त्या सोन्यावर कुणाचं नाव राहत नाही. डोमेन वितळत नाही. त्याची किंमतच मुळात जुन्या नावामुळं आहे. लिलावात जुन्या डोमेनला जास्त भाव का येतो? कारण त्याच्याकडं जाणाऱ्या जुन्या लिंक आहेत, सर्चमध्ये त्याला वजन आहे, लोकांच्या तोंडात आहे. म्हणजे विकत घेतो ते दुसऱ्याचे कष्टच. संघाची पंधरा वर्षांची भाषणं, अध्यक्षांचे फोटो, कथास्पर्धेचे निकाल यातनं ते वजन तयार झालं होतं, आणि मला ते हजार रुपयात मिळालं.

मी घेतलं नसतं तर काय झालं असतं तेही सांगतो, कारण काही लोक म्हणतात "तू नाही तर दुसरा घेणारच होता". बरोबर आहे, घेतलंच असतं. नाव मोकळं होण्याच्या त्या सेकंदाला प्रोग्राम लावून बसलेले लोक असतात आणि बऱ्याचदा तर कंपनीच ते मोकळं व्हायच्या आधी लिलावाला काढते. मग तिथं रम्मी आणि बेटिंगची पानं येतात. शाळेच्या जुन्या साईटवर गेलं आणि पत्त्यांचा खेळ उघडला हे मी स्वतः बघितलंय. काही जण तर इंटरनेट आर्काइव्हमधनं, जिथं जुन्या वेबपानांच्या प्रती साठवलेल्या असतात, साईटचं जुनं पान उचलून जसंच्या तसं परत चढवतात, म्हणजे गुरुजींचं मनोगत वर आणि खाली जुगाराची लिंक. हे तर सरळ चोरी आहे, डोमेन गेलं म्हणून लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराईट जात नाही, तो लिहिणाऱ्याचाच राहतो.

मोठ्या लोकांच्या बाबतीत परत देणं सोपं असतं, त्याच्या बातम्या होतात. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली, हॉटमेलमध्ये लोकांना जाता येईना, तेव्हा मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डवरनं ३५ डॉलर भरून टाकले. त्यानं नाव घेतलं नाही, दुसऱ्याचं लाईटबिल भरावं तसं बिल भरलं. २०१५ मध्ये कच्छमधल्या मांडवीच्या सन्मय वेदला गूगल डॉट कॉम चक्क १२ डॉलरला मिळालं, एक मिनिटभर ते त्याचं होतं, ती मुदत संपल्याची नाही, सिस्टीमची चूक होती, गूगलनं व्यवहार रद्द केला आणि त्याला ६००६.१३ डॉलर बक्षीस दिलं, आकडा बघितला तर गूगल लिहिल्यासारखा दिसतो. त्यानं ते दान करायचं ठरवल्यावर रक्कम डबल केली. छान आहे. पण गूगलच्या मागं वकिलांची फौज आहे, त्यांना नाव परत मिळणारच होतं. खरी परीक्षा तेव्हा असते जेव्हा समोरच्याकडं काहीच नसतं, फक्त एक थकलेला आवाज असतो.

सरसकट परत द्या असं मात्र मी म्हणत नाही. नाव साधा शब्द असेल, 'कुंदा', 'बाजार', 'शेती' असलं काही, तर ते कुणाच्या बापाचं नाही, ज्यानं आधी भरलं त्याचं. नवीन माणसानं घेऊन चार वर्षं तिथं प्रामाणिक काम उभं केलं असेल आणि मग जुना मालक जागा होऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं, कारण आता तिथं येणारी माणसं नवीन माणसाच्या नावानं येतात, तिसऱ्या माणसाचा हिशोब इथं उलटा फिरतो. आधीचाच मालक नाव दाबून विकायला बसला होता तर त्याची कसली ओळख? आणि चिटफंडाच्या नावाखाली लोकांना बुडवून गेलेल्या कुणाची साईट असेल तर ती परत देणं हे पाप आहे, तिथं उलट एक पान लावून ठेवावं की ही संस्था बंद आहे.

मोठी कंपनी लहान माणसाकडं मागायला आली तरी लगेच घाबरून द्यायचं कारण नाही. अमेरिकेत उझी निसान नावाच्या माणसानं १९९४ मध्ये निसान डॉट कॉम घेतलं, आडनावच ते, कम्प्युटरचा धंदा. १९९९ मध्ये गाडीवाल्या निसाननं त्याला कोर्टात खेचलं, वर्षानुवर्षं केस चालली, त्याचे पैसे पाण्यासारखे गेले पण नाव शेवटपर्यंत त्याच्याकडं राहिलं. त्याचं नाव कधी एक्स्पायर झालं नव्हतं, पण मुद्दा तोच, नाव मोठ्याचं नसतं, ते ज्याच्या ओळखीचं आहे त्याचं असतं.

आमच्या जिल्ह्यात तर ओळखीचा अजून एक गुंता आहे, स्पेलिंग. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, मग काहींनी नवीन स्पेलिंगचं डोमेन घेतलं आणि जुनं सोडून दिलं, म्हणाले दोन-दोनचे पैसे कोण भरतो. पण लोक अजून जुनंच टाईप करतात, जुन्या लेटरहेडवर, जुन्या पासबुकावर तेच छापलंय. निपाणीला एक पी की दोन यावरनं तीच कथा. सोडलेलं नाव म्हणजे सोडलेली पाटी, कुणीतरी उचलणारच.

आणि पासबुकावरनं आठवलं, बँकांनी आता नीट लक्ष द्यायला हवं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, चांगला निर्णय आहे, फसवणूक कमी होईल कारण तो पत्ता बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. पण नवीन पत्ता घेतला म्हणून जुन्याचे पैसे भरायचे बंद केले तर? छोट्या सहकारी बँकेत संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हिशेबी माणूस म्हणणारच की जुन्याला दरवर्षी हजार रुपये कशाला. आणि मग जुना पत्ता उचलणारा माझ्यासारखा लग्नपत्रिकावाला असेलच असं नाही, तो ठेवीदाराला "केवायसी करा" म्हणून त्याच जुन्या ओळखीच्या पत्त्यावरनं मेल पाठवेल. निदान दहा वर्षं तरी जुनं नाव भरून ठेवावं, तेवढी मुदत एकदम मिळते.

तर मी परत द्यायचं ठरवलं. गुरुजींना फोन करून सांगितलं की माझा झालेला खर्च द्या आणि घेऊन जा. ते म्हणाले लगेच पाठवतो. आणि दुसऱ्या दिवशी दुसराच फोन. संघाचे सध्याचे सेक्रेटरी बोलत होते, त्यांचं म्हणणं की गुरुजी आता कमिटीत नाहीत, नाव आम्हाला द्या, त्यांना दिलंत तर आम्ही कोर्टात जाऊ. संध्याकाळी तो वेबसाईट बनवणारा पोरगा, आता पुण्यात, त्याचा मेसेज, की रेकॉर्डवर आधीचा मालक मी आहे, संघ नाहीच, माझे तीन वर्षांचे पैसे संघानं दिले नाहीत.

हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. परत द्या म्हणणारे सगळे समजतात की देणारा एक, घेणारा एक. आमच्याकडं एका संघटनेत दोन गट नसतील तर ती संघटनाच नाही असं म्हणायची पाळी आहे, वरच्या राजकारणापासनं ते गल्लीच्या गणपती मंडळापर्यंत. आधीचा मालक म्हणजे कोण? ज्याच्या मेलवर होतं तो, ज्यानं पंधरा वर्षं मजकूर भरला तो, की ज्याच्याकडं आज शिक्का आहे तो? रेकॉर्ड बघितलं तर पोरगा. पण ज्या बाईंनी कविता पाठवली तिनं पोराला पाठवली नव्हती, गुरुजींनाही नाही, सेक्रेटरींनाही नाही. तिनं संघाला पाठवली होती.

मग मी अट घातली. संघाच्या लेटरहेडवर ठराव आणा, सभेची तारीख घाला, सह्या करा, नाव कुणा व्यक्तीच्या नाही तर संस्थेच्या नावावर चढेल, मेल संस्थेचा पण त्या डोमेनवरचा नाही, आणि तीन जणांचे फोन नंबर लावायचे, त्यातला एक गुरुजींचा. पोराचे राहिलेले पैसे संघानं द्यायचे. सेक्रेटरी चिडले, "तुम्ही कोण अटी घालणारे?" बरोबर आहे, मी कुणीच नाही. पण चावी माझ्याकडं आहे तोवर ती कुणाच्या हातात द्यायची हे बघणं माझं काम आहे, नाहीतर परत देणं म्हणजे एका गटाला दुसऱ्याच्या उरावर बसवणं झालं असतं. चार महिने गेले. ठराव आला, कन्नडमध्ये एक आणि मराठीत एक, सहकार खात्याला दाखवायला लागला तर असावा म्हणून. नाव संस्थेवर चढलं.

गुरुजींनी खर्चाचे पैसे पाकिटात घालून एसटीनं येऊन स्वतः दिले, वर कुंद्याचा डबा. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला पन्नास हजारातला कुंदा दे मला अर्धा.

त्या बाईंची कविता मी संघाकडं पाठवली, बाकीच्यापण. यंदाच्या संमेलनाच्या पत्रिका माझ्याकडंच छापायला आल्या, त्यात वेबसाईटचा पत्ता बरोबर होता. फक्त तीन नंबर लावायचे ठरलं होतं त्यातला एकच लागलाय, बाकीचे दोन कोणाचे यावर अजून एकमत झालेलं नाही, आणि मेलचा रकाना त्यांनी बदललाच नाही, त्यामुळं रिन्यूची आठवण अजून माझ्याच मेलवर येते. मागच्या महिन्यात आली. सेक्रेटरींना फोन लावला, उचलला नाही. शेवटी मीच भरून टाकले, पावती ड्रॉवरमध्ये ठेवलीय.